रामश्रीचं कार्ड

इतरांच्या घरी शिवणयंत्र असतं, तशी आमच्या घरी एक फर्म होती. दिवाणाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ती राहायची. ट्रंक उघडली की आधी शाईच्या पॅडचा वास यायचा, मग खाली रबरी शिक्का, लेटरहेडचा गठ्ठा, टेंडरच्या फाइली आणि अगदी तळाशी आईच्या लग्नातला एक शालू, कारण घरात दुसरी ट्रंक नव्हती. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून लेटरहेडवर प्रोप्रायटर म्हणून आईचं नाव होतं. आम्ही थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. सरकारी क्वार्टरच्या पत्त्यावर ठेकेदारी दाखवणं बाबांच्याही मनाला पटेना, म्हणून पत्ता हजीऱ्यातल्या मामाचा. म्हणजे फर्म आईची, पत्ता मामाचा, डोकं बाबांचं आणि सह्या माझ्या.

सह्यांचं असं झालं की आई सही करायला फार वेळ घ्यायची. साधा पावतीचा कागदसुद्धा ती पुढून-मागून बघायची, चष्मा लावायची, 'हे कशाचं आहे?' म्हणून विचारायची आणि मग एकेक अक्षर रांगोळीचा ठिपका ठेवावा तसं ठेवायची. बाबांना घाई असायची. त्यांना साडेदहाला ऑफिस गाठायचं असे आणि त्याआधी कुणाच्या तरी हातून कागद कंपू भागातल्या इस्पितळात पोचवायचा असे. एकदा आई देवळात गेलेली असताना मी गमतीत तिची सही करून दाखवली. बाबांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, ही तर तिच्यापेक्षा बरी आली!" त्या दिवसापासून प्रोप्रायटरची सही माझ्याकडे आली. मी तेव्हा बी.कॉम.ला होते आणि जगात आपल्याइतकं उपयोगी माणूस नाही अशी माझी समजूत होती. आमचे पूर्वज दख्खनेतून इथल्या, हिंदी मुलखातल्या दरबारात हिशेब लिहायला आले, असं आजोबा सांगत. ते नक्की काय लिहीत असतील याविषयी मला पुढे पुढे शंका येऊ लागली, पण ते असो.

फर्मचं काम होतं कंपूकडच्या एका सरकारी इस्पितळात झाडूपोछा करण्याचं. पूर्वी हे काम तिथले कायमचे नोकर करत. ते एकेक करून निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत आणि मग काम ठेक्यावर निघालं. कागदावर तीस बायका, तीन पाळ्या. प्रत्यक्षात ती तीस माणसं नव्हती, एक गुंतवळ होतं, आणि त्याचं टोक शांतीबाईच्या हातात होतं. शांतीबाई ही टोळीची पुढारी. कुठल्या वॉर्डात कोण जाईल, कुणाचं लेकरू आजारी म्हणून कुणाची पाळी कोण धरेल, एक ड्यूटी दोघी जणी अर्धी अर्धी कशी वाटून घेतील, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. तिला लिहिता येत नव्हतं आणि तिला त्याची गरजही पडत नव्हती. बाबांची हाजिरीची वही आणि शांतीबाईचं डोकं यांचा मेळ कधी बसायचा नाही. पण फरशी रोज पुसली जायची, त्यामुळे कुणी विचारत नव्हतं.

पगार रविवारी सकाळी आमच्या मागच्या अंगणात व्हायचा. महिन्याच्या कुठल्या रविवारी, ते इस्पितळातून बिल पास होण्यावर होतं. कधी दोन-दोन महिने होत नसे. तेव्हा आई दारात येणाऱ्या बायकांना पाणी द्यायची आणि बाबा न्हाणीघरात बराच वेळ अंघोळ करायचे. पण पगाराचा रविवार मोठा सणासारखा असे. बाबा चौकातून बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि बटाट्याची रस्सेदार सब्जी आणायचे, सब्जीच्या पिशवीला खालून वर्तमानपत्र धरून, तरी स्कूटरच्या पायरीवर पिवळा ओघळ यायचाच. आई मोठ्या पातेल्यात चाय चढवायची. हो, आमच्याकडे चायच म्हणतात. पुण्याच्या आत्यानं मला त्याबद्दल इतकं चिडवलं की मी तिच्यासमोर मुद्दाम 'चाय पिणार का?' विचारायचे. बायका वॉर्डवार बसायच्या. सर्जिकलवाल्या भिंतीशी, ओपीडीवाल्या पेरूच्या झाडाखाली, प्रसूतीच्या वॉर्डातल्या पायरीजवळ. त्यांच्या लुगड्यांना फिनेलचा वास यायचा आणि आलं, वेलदोडा, फिनेल असा मिळून जो एक वास होई, तो मला आजही कुठल्या हॉस्पिटलात आला तर भूक लागते. हे माझ्या मुलांना किळसवाणं वाटतं. वाटू दे.

बाबा खुर्चीवर बसून नावं पुकारायचे. सरकारी आवाज लावायचे, जसा ते ऑफिसात लावत नसावेत. "मुन्नी देवी!" "हओ." "गेंदाबाई!" "हओ." "रामश्री!" "हओ." आणि पायरीजवळून एक उंच, सावळी, चापून पदर खोचलेली बाई उठायची, अंगठा लावायची, पैसे पदरात बांधायची. तिच्या पगाराच्या वेळी आई नेहमी तिला एक बेडई जास्त द्यायची, कारण माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई त्याच वॉर्डात होती आणि रामश्रीनं तिला जपलं होतं. रक्त सांडलं तर फरशीवर आधी गार पाणी टाकायचं, गरम टाकलं की डाग बसतो, फिनेल सगळ्यात शेवटी, हे तिनं आईला शिकवलं. आईनं ते पुढे आयुष्यभर चादरींना लावलं. सात वर्षं आम्ही तिला रामश्री म्हणत होतो. तिचं नाव कुसुमा होतं.

हे बाबांना ठाऊक होतं, शांतीबाईला ठाऊक होतं, सगळ्या अंगणाला ठाऊक होतं. मला आणि आईला नव्हतं. रामश्री ही तिची मोठी जाऊ. ठेका सुरू झाला तेव्हा यादीत रामश्रीचं नाव गेलं. पहिला पगार व्हायच्या आधीच ती नवऱ्याबरोबर डबरा गावी राहायला गेली आणि तिच्या जागी कुसुमा यायला लागली. यादीतलं नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र, पोलिसांचा दाखला, अर्ज, मंजुरी, आणि प्रत्येक टेबलावर थोडं थांबणं. तेवढ्यात ती बाईही काम सोडून जाईल, असा बाबांचा अनुभव. म्हणून त्यांनी नियम केला होता: नाव तेच ठेवायचं, माणूस बदलायचं. ते म्हणायचे, "नाव खुर्चीसारखं असतं गं. एक उठला, दुसरा बसला. खुर्ची कशाला बदलायची?" तीसपैकी सहा खुर्च्यांवर अशी दुसरीच माणसं बसलेली होती. बाबा माणूस वाईट नव्हते. पगार बुडवला नाही कधी त्यांनी. उशीर झाला तर चेहरा लपवायचे, पण बुडवला नाही. त्यांना फक्त कागद खरा असण्यापेक्षा पूर्ण असणं जास्त महत्त्वाचं वाटायचं. त्या खात्यात पंचवीस वर्षं काढल्यावर कुणालाही वाटलं असतं.

मग इस्पितळात नवे अधीक्षक आले. त्यांनी आल्याआल्या फर्मान काढलं की ठेक्याच्या प्रत्येक बाईच्या गळ्यात फोटोचं कार्ड हवं. कार्ड नसेल तिला फाटकातून आत सोडायचं नाही. आणि पुढच्या गुरुवारी प्रोप्रायटरनं स्वतः यादी घेऊन हजर राहावं, एकेकीची ओळख पटवावी. त्या यादीवर ज्यांची नावं राहतील त्यांना उद्या ठेकेदार बदलला तरी कामावरून काढता येणार नाही, असंही त्यात होतं. हे शेवटचं वाक्य बाबांनी मोठ्यानं वाचलं नाही. शांतीबाईनं ते इस्पितळाच्या बाबूकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळीला तोंडपाठ होतं.

कार्डं करायचं काम माझ्याकडे आलं, आणि इथे मला माझं थोडं कौतुक करू द्यावं, कारण पुढे संधी मिळणार नाही. मी नुकताच सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. क्लासच्या सरांच्या हातापाया पडून मी तिथे तीस कार्डं बनवली. वर फर्मचं नाव निळ्यात, खाली उजवीकडे फोटो, डावीकडे नाव आणि वॉर्ड, तळाला प्रोप्रायटरची सही. ती अर्थात मी केली, तीस वेळा, आणि शेवटच्या दहा तर इतक्या सुरेख आल्या की मला आईची दया आली. फोटो काढायला शांतीबाई बायकांना चार-चार करून फोटोवाल्याकडे घेऊन गेली. फोटोंच्या पाकिटावर तिनं खुणा करवून घेतल्या होत्या, त्या मी बाबांच्या यादीशी जुळवल्या. ज्या जागेवर जी बाई, तिचा फोटो त्या नावाशेजारी. कुणाचं नाव काय आहे हे एकीलाही विचारावं असं माझ्या मनात आलं नाही. यादी होती ना! मग सगळी कार्डं नया बाजारातल्या दुकानात लॅमिनेट करून आणली. गरम असतानाच मी ती हातात घेतली. गुळगुळीत, कडक, काठ गोल कापलेले. बाबांनी इतकी वर्षं जे तोंडी, अंधुक, सांभाळून ठेवलं होतं, ते मी निळ्या शाईत छापून प्लास्टिकमध्ये बंद केलं होतं.

रविवारी अंगणात कार्डं वाटली. बायकांनी ती उलटीसुलटी केली, एकमेकींचे फोटो बघून हसल्या. मुन्नी देवी म्हणाली, "हाय राम, हम तो मरे-से दिख रहे!" कुणीतरी म्हणालं, "फोटोवाले ने साँस रुकवा दई थी." कुसुमाबरोबर तिची मुलगी पूनम आली होती, सहावीतली, दोन घट्ट वेण्या. तिनं आईच्या हातातलं कार्ड वाचलं आणि आईच्या कानाला लागली. कुसुमानं पदरानं कार्ड पुसलं, जसं काही अक्षरं पुसली जातील, आणि माझ्यापाशी आली.

"बिटिया, फोटो तो हमाओ है," ती म्हणाली. "नाम काए को नईं?"

मी म्हणाले, "नाम तो लिखा है. ये देखो. राम... श्री."

"रामश्री तो हमाई जिज्जी हैं. डबरा में." ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, एखाद्या मंद मुलीकडे बघावं तसं. "हम कुसुमा हैं."

मी बाबांकडे बघितलं. बाबा बेडईच्या पिशवीत काहीतरी शोधू लागले. आई चायचं पातेलं धरून दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे काय? ही रामश्री नाही?"

"अगं, ते सगळं नंतर सांगतो," बाबा म्हणाले. "कुसुमा, देखो, इत्ते साल से चल रहा है ना? गेट पे दिखाना भर है. कौन पढ़ता है?"

"मोड़ी ने पढ़ लओ," कुसुमा पूनमकडे बोट करून म्हणाली.

तिला राग नावाचा नव्हता. सात वर्षं ती त्या नावाला 'हओ' म्हणत आली होती. नाव पुकारलं जायचं, ती उठायची, संपलं. पण कार्ड वेगळं होतं. डबऱ्याहून जावेचा निरोप आला होता. यादी पक्की होणार हे तिच्या कानावर गेलं होतं; नाव तिचं, जागा तिची, दिवाळीनंतर परत येते, म्हणाली होती. "कल को जिज्जी फाटक पे खड़ी हो जाएँ कि हमाओ नाम है, तो हम का दिखाएँ?" कुसुमानं विचारलं. "अपनो मुँह?" तिनं कार्ड पायरीवर ठेवलं, अगदी सावकाश, एखाद्याची उसनी वाटी परत करावी तशी. थोड्या वेळानं पेरूखालची गेंदाबाई उठली आणि तिनंही आपलं कार्ड त्याच्यावर ठेवलं. मग तिसरी. सहाच्या सहा. शांतीबाईनं कुणाला अडवलं नाही. ती चायमध्ये बेडई बुडवून खात राहिली.

सोमवारी कुसुमाला फाटकावर अडवलं. मंगळवारीही. ती रोज जायची, फाटकाबाहेर बसायची आणि पाळी संपली की उठून घरी जायची. प्रसूतीच्या वॉर्डातली सिस्टर आतून ओरडायची, "अरे, रामश्री को भेजो!" आणि चौकीदार सांगायचा, "रामश्री का कार्ड नहीं है." बाबांनी तिला निरोप पाठवला की पगार थोडा वाढवू. तिनं उलट निरोप पाठवला की पगार तर आप देते ही हो, देर-सबेर.

मंगळवारी जेवताना बाबांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. जेवायला वरण-भात आणि गिलक्याची भाजी होती. आम्ही तिघं आणि धाकटा भाऊ, ज्याला यातलं काही कळत नव्हतं आणि जो गिलकी ताटाखाली लपवत होता. बाबा म्हणाले, "आता नाव बदललं तर सात वर्षांची हाजिरी खोटी ठरते. अनामत रक्कम जाईल. ठेका जाईल. उद्या कुणी विचारलं की हे सगळं चालवतो कोण, तर माझी नोकरी." त्यांनी भातावर तूप घेतलं आणि घ्यायचं विसरले असं वाटून पुन्हा घेतलं. "एक गुरुवार निघू दे. मग सावकाश अर्ज करू तिच्यासाठी. मीच ड्राफ्ट करीन."

"हाजिरी खोटी ठरते म्हणजे?" आई म्हणाली. "खोटीच आहे ना ती?"

"तसं नाही गं. माणूस येत होतं ना कामाला? काम झालं ना?"

"मग तिला सांगायला काय झालं, की ती आली होती?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, जणू कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या मुलीकडे याचं उत्तर असेल. माझ्याकडे होतं. मी म्हणाले, "आई, गुरुवारी तू फक्त बाबांच्या शेजारी उभी राहा. बोलायचं काही नाही. यादी टाइप केलेली आहे." मी हे किती समजूतदार आवाजात म्हणाले ते मला अजून आठवतं, आणि एवढंच नव्हे, मी त्या वेळी आईच्या दंडावर थोपटलंसुद्धा.

बुधवारी दुपारी कुसुमा घरी आली. बाबा ऑफिसात होते. मी आतल्या खोलीत होते, अभ्यास करत होते असं म्हणू. ती पायरीवर बसली, आईनं पाणी दिलं. दोघी बराच वेळ पूनमच्या शाळेबद्दल बोलल्या. मग कुसुमा म्हणाली, "भाभीजी, कागज पे नाम तो आपको छपो है?"

"छपा तो है," आई म्हणाली.

"तो आप जानो."

एवढंच. ती उठून गेली. आई आत आली, तिनं ट्रंक ओढली, लेटरहेड काढलं आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यातलं आपलं नाव चष्मा लावून वाचलं. मग तिनं मला एक जुनं पत्र मागितलं, 'तिची' सही असलेलं. मी दिलं. तिनं ते खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान काढतेस गं." मला त्याहून जास्त बोचलेली वाक्यं आयुष्यात कमी असतील.

गुरुवारी आम्ही तिघंही गेलो. बाबांनी अर्धा दिवस रजा टाकली होती आणि ते लांबचे नातेवाईक असल्यासारखे दोन पावलं मागे चालत होते. इस्पितळाच्या मागच्या पोर्चमध्ये टेबल मांडलं होतं. अधीक्षक बारीक, नीटनेटके गृहस्थ, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा. समोर तीस बायका ओळीत. चोवीस जणींच्या गळ्यात माझी निळी कार्डं, सहा जणींचे गळे रिकामे. त्या दिवशी त्यांना तपासणीपुरतं आत घेतलं होतं. अधीक्षकांनी फाइलवरून नजर न काढता विचारलं, "प्रोप्रायटर कौन हैं?"

बाबांचा पाय पुढे पडला. सवयच ती. "जी, मैं..." ते म्हणाले, आणि त्यांना आठवलं की ते कुणीच नाहीत.

"हम हैं," आई म्हणाली.

तिनं माझ्या हातातली टाइप केलेली यादी घेतली. मला वाटलं ती वाचेल. तिनं अधीक्षकांकडून पेन मागितलं आणि ओळीच्या टोकाशी गेली. "तुम्हारा नाम क्या है?" तिनं मुन्नी देवीला विचारलं. मुन्नी देवी घाबरून शांतीबाईकडे बघायला लागली. सात वर्षं जिनं तिच्या हातात चाय दिली तीच बाई नाव विचारत होती. "मुन्नी देवी." आईनं यादीत बघितलं, खूण केली, पुढे गेली. प्रत्येकीला विचारलं. प्रत्येक नाव बरोबर असेल तर खूण, नसेल तर रेघ मारून वर नवं. चष्म्यातून, एकेक अक्षर. पोर्चमध्ये तिच्या पेनाचा आवाज येत होता आणि लांबून कुठल्यातरी वॉर्डातून स्ट्रेचरच्या चाकांचा. बाबांनी डोळे मिटले होते. मी मोजत होते की अजून किती राहिल्या.

"तुम्हारा नाम?"

"कुसुमा."

"पूरा बोलो."

"कुसुमा बाई." तिला आणखी काय सांगावं ते सुचेना, म्हणून ती म्हणाली, "पूनम की अम्मा."

आईनं 'रामश्री'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, कुसुमा बाई. शेजारी सही केली. सहा ठिकाणी रेघ, सहा सह्या. यादी टेबलावर ठेवून ती म्हणाली की साहेब, इतके दिवस यादी चुकीची होती, चूक आमची आहे, या बायकांची नाही; सात-सात वर्षं याच येतात, सिस्टरना विचारा.

अधीक्षकांनी यादी बघितली. मग फाइल उघडून जुनी पत्रं बघितली. मग पुन्हा यादी. मला कळलं की ते काय बघतायत. एका कागदावर माझी सफाईदार, झुकलेली, शेपूट मारलेली सही. दुसऱ्यावर आईची, सरळ उभी, ठिपके ठेवल्यासारखी. दोन्ही एकाच बाईच्या.

"मैडम," ते म्हणाले, "ये पुराने दस्तख़त किसके हैं?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. "घर के ही हैं," ती म्हणाली.

ठेका पुढे मिळाला नाही. अनामत गेली. बाबांच्या खात्यात कुणीतरी निनावी पत्र टाकलं आणि त्यांची बदली श्योपूरला झाली. दोन वर्षं ते तिथून शनिवारी घरी यायचे आणि सोमवारी पहाटेची बस पकडायचे. ते आईवर चिडले का? चिडले. पंधरा दिवस ते तिच्याशी फक्त सरकारी भाषेत बोलले: 'चहाची व्यवस्था व्हावी', 'धोब्याला सूचित करावे'. मग श्योपूरहून पहिलं पत्र आलं ते आईच्या नावानं, पाकिटावर 'प्रोप्रायटर' लिहून. आईनं ते हसून ट्रंकेत टाकलं. माझ्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. घरात सगळ्यांनी माझी चूक इतक्या नीट झाकली की ती मला एकटीलाच सांभाळावी लागली. आता सिटी सेंटरमधल्या ज्या ऑफिसात मी बसते, तिथे यंत्रासमोर चेहरा धरून हाजिरी लागते. केस रंगवून गेले त्या दिवशी यंत्रानं मला ओळखलं नाही, तीनदा. मी त्याला काही बोलले नाही. माझी बाजू कमजोर होती.

नव्या कंपनीनं आईच्या हातची यादी जशीच्या तशी घेतली. कुसुमाचं नाव पक्कं झालं. फक्त कामावर आल्याची तारीख त्या गुरुवारची पडली. सात वर्षं रामश्रीच्या नावावर राहिली, आणि रामश्री डबऱ्याला. हे कुणालाच सुधारता येईना. शेवटी आईनं उरलेल्या लेटरहेडपैकी एक काढलं आणि स्वतः लिहिलं की श्रीमती कुसुमा बाई यांनी आमच्याकडे सात वर्षं प्रसूती वॉर्डात काम केलं, आमच्या चुकीमुळे दुसऱ्या नावानं, आणि त्यांचं काम उत्तम होतं. हिंदीतली वेलांटी-मात्रा माझ्याकडून तपासून घेतली. सही केली, फर्मचा शिक्का मारला. पाच मिनिटं फुंकर घालत बसली. त्या कागदाचा कुठल्याही टेबलावर काही उपयोग नव्हता हे आम्हा तिघींना माहीत होतं. कुसुमानं तो दोन्ही हातांनी घेतला, पूनमकडून दोनदा वाचून घेतला आणि मला म्हणाली, "बिटिया, जाको भी पिलास्टिक में करवा दो."

तर आम्ही दोघी सवारीच्या टेम्पोनं नया बाजारला गेलो. त्याच दुकानात, त्याच गरम यंत्रापाशी. कागद सरकत गेला आणि दुसऱ्या बाजूनं कडक होऊन बाहेर आला, एका कोपऱ्यात हवेचा फुगा राहिलेला. मी म्हणाले, पुन्हा करू. ती म्हणाली, रहने दो, पढ़ने में आ रओ है. पैसे मी द्यायला लागले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि पदराची गाठ सोडली. दुकानदारानं पावतीचं पुस्तक ओढलं आणि वर न बघता विचारलं, "नाम?"

मी तत्पर. मी कायमच तत्पर. "राम..." माझ्या तोंडून निघून गेलं.

कुसुमानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग काउंटरवर दोन बोटं टेकवून, दुकानदाराचं पेन थांबेपर्यंत वाट बघून, ती म्हणाली, "कुसुमा. लिखो."